जिन्याखालची दुपार

नागपूरच्या गुरुछाया लेआउटमध्ये दोन गोष्टींबद्दल कुणाला शंका नव्हती. एक म्हणजे, भर दुपारी बाहेर पडलेला माणूस घरी परततो तो भाजून निघूनच. आणि दुसरी, देवतळ्यांच्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. पहिल्या गोष्टीचा सगळ्यांना त्रास होता. दुसरीवर साऱ्या वस्तीची करमणूक चालायची.

खाली थोरली शैलजा राहायची, वर धाकटी वसुधा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. त्यांनी मिळून घर बांधलं आणि पाठोपाठ वारले. मागे उरले दोन मजले, विजेचे दोन मीटर, दोन स्वयंपाकघरं आणि त्यांना जोडणारा एक जिना. शैलजा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. बोलणं मोजकं, पदराला पिन, आणि समोरचा चुकीचं बोलला की डावी भुवई वर. वसुधाला बोलण्याचं मोजमाप माहीत नव्हतं. ती भाजी घेता घेता भाजीवाल्याच्या घरच्या लग्नाची तारीख ठरवून यायची.

भांडण झालं तेही उन्हाळ्यातच. वसुधाच्या खिडकीतला कूलर गळला आणि अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या शैलजाच्या सांडग्यांवर दिवसभर ठिबकत राहिला. शैलजा म्हणाली, कूलरला तरी वळण लावावं. वसुधा वरून म्हणाली, सांडग्यांना चव नव्हतीच, निदान पाणी तरी लागलं. बास. त्या दिवसापासून अबोला. समोरच्या डांगोरेवहिनींनी निरोप पोचवायचं काम आपणहून अंगावर घेतलं, आणि निरोप पोचवताना त्यात पदरचा मीठमसाला घालायचं कामही.

ही झाली लेआउटकडे असलेली माहिती. खरी गोष्ट अशी की तो अबोला जेमतेम एक वर्ष टिकला होता. पुढच्याच उन्हाळ्यात, वीज गेलेल्या एका दुपारी, वरचा स्लॅब तव्यासारखा तापला आणि वसुधाला जिन्यात भोवळ आली. आवाज ऐकून शैलजा धावली. तिनं जावेला उचलून नाही, पण ओढत का होईना, जिन्याखालच्या खोलीत नेलं. ही खोली म्हणजे एके काळची गव्हाच्या कोठ्यांची जागा. तिची एकही भिंत बाहेरच्या उन्हाला लागून नव्हती, आणि फरशीखाली पाण्याची टाकी होती. सगळ्या घराचा गारवा तिथे येऊन बसलेला असायचा. डोक्यावर ओला पंचा घेऊन वसुधानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "बाई, तुमचे सांडगे बरे होते हो."

तेव्हापासून रोज दुपारी दोघी त्या खोलीत बसायच्या. एक छोटा कूलर, वाळ्याच्या ताट्या, दोन खुर्च्या, आणि वसुधाच्या गप्पा. मग लोकांना सांगितलं का नाही? सांगणारच होत्या. पण त्याच सुमाराला शैलजाच्या मुलाचा, परागचा, पुण्याहून फोन आला. नागपूरचा उन्हाळा आता मार्चमध्ये मुक्कामाला येई तो जुलैपर्यंत हलत नसे. पराग म्हणाला, घर विकू, तू माझ्याकडे ये, काकू हैदराबादला ऋतुजाकडे जाईल. ऋतुजा ही वसुधाची मुलगी. दोघा भावंडांचं आधीच बोलणं झालं होतं, आणि दोघांच्या मनात आयांच्या काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं, हीच तर अडचण होती. वाईट हेतूच्या मुलांशी भांडता येतं. चांगल्या हेतूच्या मुलांपुढे आई काय करणार?

शैलजाला काही सुचेना, तेव्हा ती बोलून गेली, "घर दोघींच्या नावावर आहे. ज्या कागदावर तिच्या सहीशेजारी माझी सही लागेल, त्याला मी हात लावणार नाही."

परागनं विषय सोडला. दुपारी तिनं हे वसुधाला सांगितलं, तर वसुधा पोट धरून हसली, आणि संध्याकाळी तिनं हेच वाक्य ऋतुजाला ऐकवलं, वर आपल्याकडची दोन विशेषणं लावून. तेव्हापासून दोघींनी ते भांडण जपलं. मुरंब्याची बरणी जपावी तसं, झाकण घट्ट लावून. सणावाराला डांगोरेवहिनींकरवी एखादा तिखट निरोप जायचा, की पुढचे सहा महिने निर्धास्त.

आणि मग तपासणी आली.

दुपारच्या वेळी शहराला वीज पुरेनाशी झाली होती. म्हणून नव्या ऊर्जा विभागानं नियम केला की प्रत्येक घराची ताप-तपासणी होईल आणि घराला प्रत मिळेल, अ पासून ड पर्यंत. घर किती वीज खातं, किती माणसांना गार ठेवतं, असा हिशोब. अ आणि ब प्रतीच्या घरांना उष्णतेच्या लाटेतही दुपारची वीज नक्की. ड प्रतीला ती बंद, घर दुरुस्त होईपर्यंत.

हिशोब करायचा तर माणसांच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यासाठी भिंतवाचक होता. तिपाईवर बसवलेला, पोळ्यांच्या डब्याएवढा, दिसायला गरीब. त्यामागचं शास्त्र मात्र गरीब नव्हतं. माणूस नुसता बसला तरी जुन्या काळच्या शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता त्याच्या अंगातून सतत बाहेर पडत असते, आणि श्वासाबरोबर वाफ. खोलीच्या भिंती ही ऊब आणि ओल रोज थोडी थोडी पितात. प्लास्टरमध्ये क्षारांचे बारीक कण असतात. भिंत ओलावली, तापली की ते किंचित विरघळतात, वाळली की पुन्हा जमतात. पण जमताना ते जुन्या जागी जमत नाहीत, केसभर सरकतात. रोजच्या या सरकण्याचे थर आत साचत जातात, झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळं साचावीत तसे. हे थर वाचायची युक्ती सापडली ती जुन्या देवळांच्या भिंती तपासताना. मग कुणाच्या तरी मनात आलं की देवळाची भिंत बोलते, तर घराची का बोलणार नाही?

घराची भिंत भलतीच बोलकी निघाली. गेल्या वर्षभरात कोणत्या खोलीत किती माणसं बसली, कोणती शेगडी कधी पेटली, सगळं ती सांगायची. लेआउटमधल्या काळ्यांकडे योगासनांची स्वतंत्र खोली होती; यंत्र म्हणालं, तिथे वर्षभरात माणूस फिरकलेला नाही. बोरकुट्यांकडे आजोबांसाठी म्हणून एसी चालायचा. यंत्र म्हणालं, लाभार्थी चार पायांचा आहे. आजोबा म्हणाले, मी हेच सांगून राहिलो होतो, पण माझं ऐकतं कोण.

या दोन घरांनंतर लेआउटनं तपासणीचा धसकाच घेतला. मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत तशी घरं सजू लागली. लोक गच्च्यांना पांढरा चुना फासू लागले, खिडक्यांना रबरी पट्ट्या लावू लागले, फ्रिजची सैल झालेली दारं आवळू लागले. आणि ज्या खोल्यांचा मोठेपणा पाहुण्यांना सांगितला होता, त्या खोल्यांत घाईघाईनं जाऊन बसू लागले.

देवतळ्यांकडे तपासणीची सूचना आली तेव्हा तीन आठवडे हातात होते. त्याच दिवशी परागचा आणि ऋतुजाचा फोन आला, की आम्ही दोघं त्या दिवशी येतोय. ड प्रत आली तर यंदाचा मे तिथे काढू देणार नाही, मग सही करा की नका करू.

दुपारी जिन्याखाली बैठक बसली. शैलजानं परिस्थिती मांडली, फळ्यावर मांडावी तशी. प्रत खाली जाता कामा नये. आणि या खोलीत आपण दोघी रोज बसतो हे मुलांसमोर उघड होता कामा नये, कारण बोलणाऱ्या बायकांना सही न करायला कारण उरत नाही. मग एक पुण्याला, एक हैदराबादला.

वसुधा बराच वेळ ताटीची काडी मोडत बसली. मग म्हणाली, "हैदराबादेत ऋतुजाकडे दुपारी कुणीच नसतं. नुसता टीव्ही."

"पुण्यात पराग सहाला घरी येतो," शैलजा म्हणाली. "तोही कानात काहीतरी घालून."



शैलजानं वाचून ठेवलं होतं की भिंतीला अलीकडचे तीन आठवडे स्पष्ट आठवतात आणि त्यामागचं पुसट होत जातं. हे ऐकून वसुधा म्हणाली, "म्हणजे भिंत अजून म्हातारी नाही झाली. आपलं उलट असते." तर मग योजना अशी ठरली: तीन आठवडे या खोलीत पाऊल टाकायचं नाही. शैलजानं दुपारी आपल्या पुढच्या खोलीत बसायचं, वसुधानं आपल्या वरच्या.

पण वरच्या खोलीत दुपारी बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. चुना फासला तरी स्लॅब तो स्लॅब. तेव्हा शैलजाच्या शिक्षकी डोक्यातून पुढची युक्ती निघाली. यंत्राला वसुधा नको आहे, वसुधाची ऊब हवी आहे. घरात लग्नकार्यात वरण शिजवायचा मोठा गंज होता. गच्चीवरच्या सोलरचं कढत पाणी त्या गंजात भरायचं, भोवती गोधडी गुंडाळायची, श्वासाच्या वाफेसाठी वर ओला पंचा टाकायचा, आणि गंज वसुधाच्या आरामखुर्चीत बसवायचा. खऱ्या वसुधानं तेवढा वेळ डांगोरेवहिनींकडे जाऊन बसायचं. त्यांच्याकडे एसी होता.

"त्यांच्याकडे?" वसुधाचा चेहरा उतरला. "बाई, तिथे मला तुमच्या नावानं बोटं मोडावी लागतील. रोज."

"मोड," शैलजा म्हणाली. "फक्त नवीन काही सांगू नकोस."

पहिल्या दिवशी गंज भरून झाला तेव्हा वसुधानं आपला वाचायचा चष्मा आणून पंच्यावर ठेवला आणि मागे सरून बघितलं. "माझ्यापेक्षा शांत आहे," ती म्हणाली आणि डांगोरेवहिनींकडे निघून गेली.

शैलजा पुढच्या खोलीत बसली. पंखा होता, पुस्तक होतं, माठातलं पाणी होतं. दुपारी माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून पुस्तक उघडलं. माणसाचं मन हा एक अजब दुकानदार आहे. जो माल रोज फुकट मिळतो, त्याची तो नोंदच ठेवत नाही. इतकी वर्षं तिची अशी समजूत होती की जिन्याखाली वसुधा बोलते आणि आपण ऐकून उपकार करतो. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे सांगण्यासारखं बरंच साचलंय. भाजीवाल्याच्या मुलीनं सासर सोडलं होतं. माठाला चीर गेली होती. काल स्वप्नात शाळेची घंटा वाजत होती आणि तिला वर्ग सापडत नव्हता. यातलं काहीही डांगोरेवहिनींकरवी निरोप म्हणून वर धाडता येण्याजोगं नव्हतं.

गंज नीट बसलाय ना हे बघायला म्हणून ती जिना चढून वर गेली. वर भट्टी होती. आरामखुर्चीत गोधडी पांघरून, चष्मा लावून गंज बसला होता. शैलजानं पंचा सारखा केला. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "वसू, माठाला चीर गेलीय." आणि लाज वाटून भराभर खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी जाताना तिनं एक स्टूल वर नेलं.

समोर डांगोरेवहिनींच्या एसीत वसुधाचे हाल वेगळे होते. वहिनींना भांडणाची मुळं खणायची होती. वसुधानं सांडग्यांची हकीकत तीन वेळा सांगितली, दर वेळी कूलर थोडा जास्त गळवला. चौथ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, तुमची जाऊ म्हणजे आतल्या गाठीची, माझ्यासमोर कधी हसली नाही. वसुधाच्या तोंडून निघून गेलं, "हसते ना. हसली की खोकला येतो तिला." मग जीभ चावून म्हणाली, "असं ऐकलंय."

सकाळी जिन्याच्या वळणावर डबा ठेवताना दोघी क्षणभर भेटायच्या. वसुधा कुजबुजायची, किती दिवस राहिले? शैलजा सांगायची. डबा खाली यायचा. संध्याकाळी दुसरा डबा वर जायचा. आणि दिवस एकदाचे सरले.

तपासणीला आलेल्या मुलीचं नाव सायली मेश्राम. इंजिनियर होती, तिशीची, गळ्यात ओढणी गुंडाळलेली, आणि लोकांच्या घरात शिरून शिरून तिच्या आवाजात एक अदब आली होती. तिनं प्रत्येक खोलीत तिपाई मांडून यंत्र फिरवलं. मग सगळे खालच्या पुढच्या खोलीत बसले. पराग आईशेजारी, ऋतुजा तिच्या आईशेजारी, आणि मधे कुणीही न बोलावता आलेल्या डांगोरेवहिनी, दोन देशांमधल्या राजदूतासारख्या.

सायलीनं समोरच्या भिंतीवर घराचं चित्र टाकलं. काचेचं असावं तसं आरपार घर, आणि खोल्यांत निळे-नारिंगी ढग.

"इथे दोन कुटुंबं राहतात ना?" तिनं विचारलं.

"दोन," शैलजा म्हणाली.

"दोन," वसुधा कॅलेंडरकडे बघून म्हणाली.

"आणि बोलत नाहीत," डांगोरेवहिनींनी भर घातली. "निरोप मीच पोचवते."

सायलीनं मान हलवली. "यंत्राला मात्र एकच कुटुंब दिसून राहिलंय. हे बघा. वरच्या स्वयंपाकघरातली शेगडी पेटते ती सकाळी. संध्याकाळी कधीच नाही. खालची संध्याकाळी पेटते, सकाळी नुसता चहा. आणि दोन्ही वेळा स्वयंपाक दोन माणसांचा."

शैलजाची डावी भुवई वर गेली, पण या वेळी स्वतःवरच. तिनं दुपारचा विचार केला होता, उबेचा केला होता, वाफेचाही केला होता. डब्याचा केला नव्हता. सकाळी वसुधानं दोघींच्या पोळ्या लाटायच्या, संध्याकाळी आपण दोघींची खिचडी टाकायची, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला लपवायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. वसुधानं नंतर बचाव केला की डबा काही बोलत नाही, त्याला अबोल्यात कशाला धरायचं?

परागनं आईकडे बघितलं. ऋतुजानं आपल्या आईकडे बघितलं. दोघींनी कॅलेंडरकडे बघितलं.

"आता ही जिन्याखालची खोली," सायली म्हणाली. "चित्र थोडं पुसट आहे, पण चुकीचं नाही. वर्षभर, रोज दुपारी, दोन माणसं. आणि गेले तीन आठवडे कुणीच नाही. त्याच तीन आठवड्यांत वरच्या खोलीत एक माणूस येऊन बसायला लागलं. मला आधी कळेना. कारण ते बसतं तेव्हा त्याला सणसणीत ताप असतो, मग ते निवत जातं, अलीकडे तर मधेच पुन्हा तापतं, आणि चहाच्या वेळेपर्यंत निवत निवत विझतं." ती अदबीनं थांबली. "म्हणजे ते रोज मरतं, काकू."

वसुधानं पदर तोंडावर धरला. शैलजानं डोळे मिटले. गरम पाणी कसं निवतं याचा उतरता आलेख तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर काढला होता. जिवंत माणूस निवत नाही, त्याची ऊब सारखी राहते, हा फरक सातवीतली मुलंही सांगू शकली असती.

"पण एक गोष्ट मला अजून कळली नाही," सायली म्हणाली आणि चित्र मोठं केलं. "त्या निवणाऱ्या माणसाच्या शेजारी आणखी एक जण आहे. हे खरं माणूस, याची ऊब ढळत नाही. सुरुवातीला जरासं येऊन जातं. मग थांबायला लागतं. शेवटच्या आठवड्यात तर सगळी दुपार तिथेच. अवो, वर सेहेचाळीस डिग्री असते. इतक्या उन्हात गंजापाशी कोण बसतं?"

तिनं गंज हा शब्द वापरला, कारण तिनं तो वर बघितला होता, चष्म्यासकट.

वसुधानं पदर खाली घेतला आणि मान वळवून सरळ शैलजाकडे बघितलं. लेआउटच्या देखत, दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिला हे माहीत नव्हतं. ती एसीत बसून सांडग्यांची गोष्ट सांगत होती, तेव्हा बाई वर भट्टीत स्टूल टाकून बसल्या होत्या, हे तिला एका भिंतीनं सांगितलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं बीपी."

"गोळी घेऊन जायचे," शैलजा म्हणाली.

डांगोरेवहिनींच्या तोंडाचा आ झाला तो तसाच राहिला.

सायलीनं मग कामाचं सांगितलं. दोन कुटुंबं धरली तर दोन फ्रिज, दोन स्वयंपाकघरं, तापलेला वरचा मजला, आणि प्रत्येकी एक माणूस. दोन्हीकडे ड. एक कुटुंब धरलं, तर दोन माणसांना सगळा उन्हाळा एका लहानशा खोलीत आणि एका लहानशा कूलरवर गार ठेवणारं घर. या वॉर्डात तिनं आजवर अशी अ प्रत दिली नव्हती. "पण कुटुंब एक की दोन, हे यंत्र नाही ठरवत. तुम्ही सांगायचं. एक असेल तर इथे दोघींनी सही करायची. एकाच चौकटीत, शेजारी शेजारी."

तिनं सहीची काचेची पाटी पुढे केली.

शैलजानं पाटीकडे बघितलं. चौकट छोटी होती. सही केली तर वीज राहील, जिन्याखालचा गारवा राहील. पण इतकी वर्षं ज्या एका वाक्यानं घर सांभाळलं, ते वाक्य संपेल. आणि नाही केली, तर मेच्या आधी पुणे आणि हैदराबाद.

"आई," पराग म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "मी रोज दुपारी ऑफिसात घड्याळ बघून विचार करायचो, आई एकटी असेल, पडली तर कुणाला कळेल. आणि तू मला हे सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" शैलजा म्हणाली. "आनंदानं येऊन दोघींच्या सह्या घेतल्या असत्यास. माझी सोबत सुटू नये म्हणून मला एकटी असल्याचं सोंग करावं लागलं रे. चूक झाली. पण दुसरं काही सुचलं नाही."

ऋतुजा उठली, चित्राजवळ गेली आणि जिन्याखालच्या खोलीतल्या दोन नारिंगी ठिपक्यांवर तिनं बोट ठेवलं. "मोठी आई," ती शैलजाला म्हणाली, "यातली माझी आई कोणती?"

"जी हलत असेल ती," शैलजा म्हणाली. "तिला एका जागी बसवत नाही."

ऋतुजाला हसू आलं आणि ते डोळ्यांतून आलं.

शैलजानं पाटी घेतली आणि सही केली, शाळेत प्रगतिपुस्तकावर करायची तशी, खाली रेघ ओढून. मग पाटी वसुधाकडे दिली. वसुधानं चष्मा शोधला. तो वर गंजावर होता. तशीच अंदाजानं तिनं सही केली, ती शैलजाच्या सहीत अर्धी घुसली.

पराग मुलगा चांगला होता, पण हाडाचा व्यवहारी. थोड्या वेळानं त्यानं विचारलंच, "मग आता घराच्या कागदांचंही... म्हणजे आता तुम्ही दोघी बोलता, तर त्याबद्दलही बोलून घ्यायचं का?"

शैलजानं वसुधाकडे बघितलं. वसुधानं मान हलवली.

"बोलू ना," शैलजा म्हणाली. "पण आम्ही दोघी उघडपणे बोलायला आजच लागलोय. इतक्या वर्षांचं साचलंय. ते सगळं बोलून झालं, की मग तुमचा विषय घेऊ."

ऋतुजानं परागच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दादा, वरच्या स्लॅबवर जाड थर घालून घेऊ, तेवढं बघ. त्यानंही मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यात त्याचीही थोडी सुटका झाल्यासारखी दिसली.

दुखावल्या फक्त डांगोरेवहिनी. फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मग मी इतकी वर्षं कुणाचे निरोप नेत होते?" वसुधानं त्यांना सांगितलं की तुमचे निरोप आम्ही दुपारी एकमेकींना ऐकवायचो, तुमच्यासारखं मीठमसाला घालणं आम्हाला जमत नव्हतं. ही कौतुकाची गोष्ट आहे की अपमानाची, हे ठरवत वहिनी घरी गेल्या. दोन दिवसांनी त्यांनी कौतुकाची ठरवली.

मुलं गेली त्या दुपारी दोघींनी तीन आठवड्यांनी जिन्याखालचं दार उघडलं. आत वाळ्याचा वास होता. कूलर थोडा कुरकुरला आणि चालू झाला. दोघी आपापल्या खुर्चीत बसल्या. शैलजानं पुस्तक उघडलं, तेव्हा वसुधानं ते तिच्या हातातून हळूच काढून घेतलं.

"खरं सांगा, काय बोलत होता हो तुम्ही माझ्या गंजाशी?"

"काही नाही. माठाला चीर गेली, ते."

"तीन आठवडे?"

कूलर ठिबकत होता, आणि या वेळी खाली सांडगे नव्हते. शैलजा म्हणाली, "तू निवत गेलीस ना, वसू, की मला बसवत नसे. मग मी तुझ्यात पुन्हा गरम पाणी घालायचे."

वसुधानं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं. आणि यंत्रानं वर्षभरात त्या खोलीत एकदाही नोंदवला नसेल, असा काही वेळ ती गप्प बसली.